नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, एफपीएस वाढले, तरी गेम गचके का खातो?

सहा-सात महिने पैसे बाजूला टाकले, सेल लागायची वाट बघितली आणि शेवटी जुनं जीटीएक्स १६५० काढून त्या जागी आरटीएक्स ४०६० बसवलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा ५० वरून थेट ११० वर गेला. पण गाडी वळवली की गचका. नवा परिसर आला की गचका. समोरून गोळीबार सुरू झाला की चित्र क्षणभर गोठतं. जुन्या कार्डावर गेम हळू चालायचा, पण असा अडखळत नव्हता.

अशा वेळी बहुतेकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो म्हणजे, 'कार्ड फॉल्टी आलं'. मग दुकानदाराला फोन, रिप्लेसमेंटसाठी भांडण, आणि बदलून आणलेल्या कार्डावरही पुन्हा तेच. काही जण तर वैतागून नवीन पॉवर सप्लाय घेतात, तिथेही पाच-सात हजार जातात. गचके तिथेच.

बहुतेक वेळा दोष कार्डाचा नसतो. नवं कार्ड वेगवान असतं, आणि त्याच्या वेगामुळे कॉम्प्युटरमधली इतकी वर्षं झाकून राहिलेली दुसरी एखादी कमजोरी उघडी पडते. ती कोणती, हे शोधायला पैसे लागत नाहीत, फक्त दोन-तीन संध्याकाळी लागतात.

११० एफपीएस दिसतात, मग गेम अडखळतो कसा?

एफपीएस ही सरासरी आहे आणि सरासरी फसवते. साधं गणित करून बघा. एका सेकंदात १०० फ्रेम आल्या. त्यातल्या ९९ फ्रेमना प्रत्येकी ८ मिलिसेकंद लागले, म्हणजे ७९२ मिलिसेकंद. उरलेली एकच फ्रेम यायला २०० मिलिसेकंद लागले. कोपऱ्यातला आकडा १०० च दाखवणार. तुमच्या डोळ्यांना मात्र सेकंदाचा पाचवा भाग गेम थांबलेला दिसणार.

म्हणून बघायची गोष्ट एफपीएस नाही, फ्रेमटाइम आहे. म्हणजे प्रत्येक फ्रेम तयार व्हायला किती वेळ लागला. ६० एफपीएससाठी प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी, १४४ साठी ६.९ मध्ये. २०११ मध्ये टेक रिपोर्ट या अमेरिकी वेबसाइटवर स्कॉट वॉसन यांनी याच मुद्द्यावर लेख लिहिला आणि त्यानंतर ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्या करायची पद्धतच बदलत गेली. आज रिव्ह्यूमध्ये जो '१ टक्का लो' नावाचा आकडा दिसतो, तो त्याच विचारातून आलाय.

घरी हे बघण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर पुरतं. दोन्ही फुकट आहेत आणि कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतात. त्यात फ्रेमटाइमचा ग्राफ, कार्डाचा वापर, व्हीरॅम आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, एवढ्या चार गोष्टी स्क्रीनवर आणा. ग्राफची रेघ सपाट असेल तर गेम सुरळीत आहे. मध्येच उंच सुळके येत असतील तर तेच तुमचे गचके.

आणखी एक. ऑनलाइन गेममध्ये समोरचा खेळाडू उड्या मारत पुढे सरकतोय, पण तुमचा कॅमेरा व्यवस्थित वळतोय, तर तो इंटरनेटचा लॅग आहे. त्याचा कार्डाशी संबंध नाही. आपल्याकडे दोन्हीला 'लॅग'च म्हणतात, त्यामुळे अर्धा गोंधळ इथेच होतो.

पहिले दोन दिवस गचके येणं नॉर्मल आहे

गेममधलं पाणी, धूर, प्रकाश, चकाकणारा रस्ता, हे सगळं शेडर नावाच्या छोट्या छोट्या प्रोग्रॅममधून तयार होतं. हे शेडर तुमच्या कार्डाला कळेल अशा भाषेत बदलावे लागतात. प्लेस्टेशनवर सगळ्यांचं हार्डवेअर सारखं, त्यामुळे ते आधीच बदलून दिलेले असतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, त्यामुळे हे काम तुमच्याच मशीनवर करावं लागतं. ते काम गेम चालू असताना झालं की चित्र अडकतं.

एकदा तयार झालेले शेडर डिस्कवर साठवून ठेवले जातात. जुन्या कार्डावर महिनोन्‌महिने खेळल्यामुळे तुमचा हा साठा तयार झाला होता. कार्ड बदललं आणि तो साठा एका झटक्यात बाद झाला. आता सगळं पहिल्यापासून.

हा त्रास काही कमी नसतो. डिसेंबर २०२२ मध्ये 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' पीसीवर आला तेव्हा महागडी कार्डं असलेल्या लोकांनाही तो नीट खेळता येत नव्हता. कारण हेच होतं, आणि कंपनीला लगोलग पॅच काढावा लागला.

ओळखायची खूण सोपी आहे. ज्या ठिकाणी गचका बसला, तिथे सेव्ह लोड करून परत जा. दुसऱ्यांदा तिथून सुरळीत गेलात तर कारण शेडरचं आहे, आणि ते खेळता खेळता कमी होत जाईल. गेम सुरू होताना 'शेडर तयार होत आहेत' असा मेसेज आला तर घाई करून पुढे जाऊ नका, चहा घेऊन या. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये शेडर कॅशची मर्यादा वाढवता येते, डिस्कवर जागा असेल तर ती १० जीबी किंवा जास्त ठेवा. ड्रायव्हर अपडेट केल्यावरही हाच खेळ पुन्हा होऊ शकतो, तेव्हा दर आठवड्याला नवा ड्रायव्हर टाकायची हौस थोडी आवरलेली बरी.

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे तर, जुन्या कार्डाचे अवशेष साफ करून टाका. एएमडीवरून एनव्हिडियावर किंवा उलट गेला असाल तर नक्कीच. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे फुकट टूल आहे. आधी नवा ड्रायव्हर डाउनलोड करून ठेवा, इंटरनेट बंद करा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डीडीयू चालवा, मग नवा ड्रायव्हर टाका. इंटरनेट बंद करायचं कारण असं की, नाहीतर मधल्या वेळेत विंडोज स्वतःच कुठला तरी ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

चार दिवसांनीही गचके तसेच? मग प्रोसेसरकडे बघा

आपल्या उदाहरणातला कॉम्प्युटर बघू. बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ५ २६००. हा प्रोसेसर २०१८ चा, म्हणजे आरटीएक्स ४०६० पेक्षा पाच वर्षांनी जुना. आपल्याकडे अजूनही भरपूर घरांत हीच जोडी चालू आहे.

घरात पोळ्यांचं काम चाललंय असं समजा. प्रोसेसर पोळ्या लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजतं. जुना तवा छोटा होता, लाटणाऱ्याच्या हातात कायम दोन पोळ्या शिल्लक असायच्या. पोळ्या हळू निघायच्या, पण एका लयीत. आता मोठा, कडक तापलेला तवा आणला. लाटणारा तोच आहे. तो जीव तोडून लाटतोय, आणि मध्येच कणीक संपली म्हणून मळायला उठला की तवा रिकामा. गेममध्ये नवा परिसर लोड करणं, गर्दीतल्या माणसांच्या हालचाली ठरवणं, स्फोटानंतरचे तुकडे उडवणं, ही ती कणीक मळायची कामं. म्हणूनच शहरात गाडी पळवताना गचके येतात आणि मोकळ्या डोंगरावर येत नाहीत.

तपासायचं कसं? गचका बसतो त्या क्षणी कार्डाचा वापर ९५ टक्क्यांवरून ६०-७० वर घसरत असेल आणि प्रोसेसरचा एखादा कोअर १०० ला टेकत असेल, तर लाटणारा कमी पडतोय. इथे टास्क मॅनेजरमधला एकूण आकडा बघू नका. रायझन ५ २६०० मध्ये १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात तो जेमतेम ८ टक्के दिसतो. 'माझा सीपीयू तर ४० टक्केच चाललाय' असं म्हणणारे सगळे याच आकड्याला फसलेले असतात.

उपाय ऐकायला उलटा वाटेल. एफपीएस कमी करा. गेम ७० ते ११० च्या मध्ये उड्या मारत असेल तर ७० ची मर्यादा घाला. आकडा लहान दिसेल, पण लाटणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल आणि खेळताना फरक लगेच जाणवेल. सोबत गर्दीची घनता, दूरवरचं दिसणं आणि रे ट्रेसिंग हे सेटिंग खाली आणा, ते प्रोसेसरवर ताण टाकतात. सगळं 'लो' करायची गरज नाही, अशा मशीनवर त्याचा फायदाही होत नाही. उलट रिझोल्यूशन वाढवलं की काम कार्डाकडे सरकतं. डीएलएसएस अपस्केलिंग इथे मदत करत नाही, कारण ते तव्याचा वेग वाढवतं आणि तवा आधीच रिकामा आहे.

रॅमही बघून घ्या. एकच काडी लावली असेल तर मेमरीचा निम्मा वेग वाया जातोय. ३२०० चा रॅम घेतलाय, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं नसेल तर तो २१३३ किंवा २४०० वरच चालतो. बायोस अपडेट किंवा रीसेट केलं की हे सेटिंग गुपचूप बंद होतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग लिहिलेला असतो, अर्ध्या मिनिटाचं काम.

खर्च करायचाच असेल तर बी४५० वाल्यांसाठी चांगली बातमी आहे. बायोस अपडेट केल्यावर याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा ५७०० एक्स३डी बसतो. बोर्ड नको, रॅम नको. पण आधी वरच्या चाचण्या करा.

कार्ड नवं, पण रस्ता निम्मा

ही गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. जीटीएक्स १६५० ला मदरबोर्डशी बोलायला १६ लेन आहेत. आरटीएक्स ४०६० ला फक्त ८. नव्या बोर्डावर या लेन पीसीआयई ४.० च्या वेगाने चालतात, त्यामुळे भरपाई होते. बी४५० वर मात्र पीसीआयई ३.० आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबी, जुन्या कार्डाला मिळत होते त्याच्या निम्मे.

घाबरू नका, बहुतेक गेममध्ये याने दोन-चार टक्क्यांचाच फरक पडतो. पंचाईत होते ती कार्डाची ८ जीबी मेमरी भरल्यावर. मग टेक्स्चर रॅममधून त्या अरुंद रस्त्याने आणावे लागतात, आणि तिथे ट्रॅफिक जाम होतो. व्हीरॅमचा आकडा ८ जीबीला टेकलेला असताना सुळके येत असतील तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी याबाबतीत सगळ्यात दुर्दैवी. त्याला लेन चारच आणि मेमरीही ४ जीबी, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते फारच मार खातं.

कार्ड चुकून खालच्या स्लॉटमध्ये तर नाही ना, हेही बघा. तो स्लॉट दिसतो तेवढाच लांब, पण आत बहुतेकदा चारच लेन असतात. जीपीयू-झेड या छोट्या प्रोग्रॅममध्ये किती लेन चालू आहेत ते कळतं. कार्ड रिकामं असताना तिथे १.१ असा आकडा दिसतो, तो वीज वाचवण्यासाठी असतो. गेम चालू ठेवून मग बघा.

इंटेलचं आर्क कार्ड घेतलं असेल तर बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू हवं, ते इंटेलनेच सांगितलंय. डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं बी५८० हे नव्या प्रोसेसरवर छान चालतं, पण जुन्या प्रोसेसरवर काही गेममध्ये बरंच मागे पडतं, असं पुढच्याच महिन्यात चाचण्यांमध्ये दिसलं. जुन्या पीसीसाठी स्वस्त कार्ड शोधणाऱ्यांनी हे खरेदीच्या आधी वाचावं.

छोट्या, पण हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

कार्ड बदललं की विंडोज कधीकधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर आणून ठेवतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन बघा, आणि फ्रीसिंक किंवा जी-सिंक परत चालू करा.

रायझनवर विंडोज ११ असेल आणि गेम नसतानाही माऊस, आवाज सगळंच अधूनमधून अडकत असेल, तर एफटीपीएमचा दोष असू शकतो. एएमडीने मार्च २०२२ मध्ये तो मान्य केला होता आणि उपाय नव्या बायोसमध्ये दिला. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून बायोस घ्या.

गेम सुरुवातीला नीट आणि अर्ध्या तासाने गचके, असं असेल तर उष्णता बघा. नवं कार्ड गरम हवा कॅबिनेटमध्येच सोडतं आणि शेजारचा प्रोसेसर तापून मंदावतो. मे महिन्यात अकोल्या-नागपुरात हे जानेवारीपेक्षा वेगळं दिसणारच.

पॉवर सप्लाय कमी पडला तर पीसी बहुतेकदा सरळ बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो. नुसते गचके येत असतील तर त्याच्यावर शेवटी संशय घ्या.

मग कार्ड खरंच खराब आहे हे कसं ओळखायचं?

स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा फाटलेले त्रिकोण दिसणं, ड्रायव्हर पुन्हा पुन्हा क्रॅश होणं, खेळताना स्क्रीन काळी पडणं, तापमान व्यवस्थित असूनही कार्डाचा क्लॉक अचानक तळाला जाणं. ही लक्षणं वेगळी आहेत. सगळ्यात पक्की चाचणी म्हणजे तेच कार्ड मित्राच्या, शक्यतो नव्या, पीसीमध्ये लावून तोच गेम, त्याच जागी खेळणं. तिथेही तेच झालं तर कार्ड परत करा. तिथे लोण्यासारखं चाललं तर तुमच्या घरच्या पीसीकडे परत या.

ऑनलाइन घेतलेल्या कार्डाची परत करायची मुदत अनेकदा आठवडा-दहा दिवसांचीच असते, आणि त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. त्यामुळे ही चाचणी पहिल्याच आठवड्यात करा. दुकानात जाताना फ्रेमटाइमचा ग्राफ दिसेल असा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. 'गेम अडकतोय' एवढंच सांगितलं, तर काउंटरवरचा माणूस विंडोज फॉरमॅट करा म्हणणार हे ठरलेलं आहे.