दुधावाचून रुजलेला गोडवा

गोड पदार्थ आणि दूध यांचे नाते आपल्याला अतूट वाटते. त्यामुळे वैद्यकीय कारणाने दूध वर्ज्य झालेल्या माणसाला जपानची पारंपरिक मिठाई, म्हणजे 'वागाशी', हे वरदानच वाटावे. या वरदानामागे मोठा इतिहास आहे; त्याला मर्यादाही आहेत.

जपानला दूध अगदीच अपरिचित होते असे नव्हे. नारा आणि हेइआन काळात दूध आटवून केलेला, आपल्या खव्याच्या जवळचा 'सो' नावाचा पदार्थ प्रांतांतून दरबारात करादाखल येत असे. तो उमरावांपुरताच राहिला आणि दरबाराची सत्ता ओसरताच लोपला. गुरे शेतीच्या आणि ओझ्याच्या कामी येत. घरोघरी दुभते रुजले नाही. मिठाईने आपले आधार अन्यत्र शोधले: चिकट तांदूळ, आझुकी हे तांबडे कडधान्य, सोयाबीनचे पीठ आणि सतराव्या शतकापासून समुद्रशेवाळाचे अगर. 'योकान' या वडीचे उदाहरण बोलके आहे. चीनमध्ये हे नाव मेंढीच्या रश्श्याचे होते. मांस वर्ज्य असलेल्या झेन भिक्षूंच्या परंपरेत त्याला कडधान्याचे रूप मिळाले. पुढे साखर आणि अगर यांनी त्याची आजची वडी घडवली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमुळे आलेला 'कासुतेरा' हा केकही मुळात अंडी, साखर आणि मैदा यांचाच. त्यात लोणी नाही.

मेइजी काळात चित्र पालटले. १८६९ साली योकोहामात आइस्क्रीम विकले जाऊ लागले, आणि कालांतराने लोणी-मलईने जुन्या मिठाईतही प्रवेश केला. आज 'दाइफुकू'च्या पोटात मलई किंवा 'दोरायाकी'त लोणी असू शकते. दुग्धशर्करा न पचणाऱ्याला थोडेसे दूध कदाचित सोसेल. दुधाची ॲलर्जी असलेल्याच्या मात्र ते जिवावर बेतू शकते.

म्हणून परंपरेइतकेच वेष्टनही वाचावे लागते. जपानमध्ये २००२ पासून पाकीटबंद पदार्थांवर दुधाचा उल्लेख सक्तीचा आहे. दुकानात समोर बांधून दिलेल्या सुट्या मिठाईला ही सक्ती नाही, तिथे विचारणे भाग आहे. दुधाचे 'न्यू' हे अक्षर ओळखणे उपयोगी, पण पुरेसे नाही. 'न्यूकाझाई' (मिश्रण एकजीव करणारे द्रव्य) आणि 'न्यूसान' (एक आम्ल) या शब्दांतही ते येते, आणि तेवढ्यावरून पदार्थात दूध आहे असे ठरत नाही. उलट 'बाता' म्हणजे लोणी आणि 'चीझु' म्हणजे चीज हे शब्द लिहिताना ते अक्षर लागतच नाही.

कोणत्या मिठाईकडे आशेने पाहावे हे इतिहास सांगतो. घास घ्यावा की नाही, हे त्या दिवशीच्या घटकसूचीनेच ठरवावे.