उत्पादकाचे नाव

सांगानेर म्हटले की बाहेरच्या माणसाला जयपूरचा विमानतळ आठवतो आणि रसिक माणसाला छापील कापड. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक फुलांची नक्षी उठवणारे इथले छिपे आणि हातकागद बनवणारे कागजी यांची ख्याती आपणां सर्वांस ठाऊक आहे. नोकरीच्या निमित्ताने गेली चार वर्षे मी ह्याच गावात बिऱ्हाड करून राहतो. लाकडी ठसा कापडावर ठोकल्याचा तो मऊ, एकसुरी आवाज आता इतका अंगवळणी पडला आहे की सुटी लागून तो थांबला म्हणजे उलट चुकल्यासारखे वाटते. परंतु आमच्या गल्लीत मागील तीन वर्षे आणखी एक आवाज होता. तो पत्र्यावर हातोडी पडल्याचा. कचेरीतून परतावे, चहा घ्यावा, आणि तोच समोरच्या अंगणातून ठाणठाण सुरू व्हावी.

समोरचे गृहस्थ व्यवसायाने मोटार-मिस्त्री. दिवसा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम करून संध्याकाळी ते स्वतःची गाडी बांधीत असत. 'बांधीत' हाच शब्द योग्य, कारण विकत घेतलेली अशी वस्तू तीत थोडीच होती. खालचा सांगाडा सैन्याने लिलावात काढलेल्या एका जुन्या जीपचा. इंजिन भलत्याच गाडीतले, डिझेलवर चालणारे, गिअरपेटी तिसरीकडची, बसायच्या खुर्च्या चौथीकडच्या. दारे, बॉनेट आणि छत त्यांनी स्वतः पत्रा ठोकून घडवले होते. शिवाय सांगाडा मधोमध कापून, लोखंडी पट्ट्या जोडून त्यांनी तो सुमारे दीड फूट लांबवला होता. मागच्या बाजूस एक माणूस सरळ आडवा होऊ शकेल एवढी जागा त्यांना हवी होती. तिचे कारण मला पुढे कळले.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "बाबूजी, आप तो दफ्तर के आदमी हो। अर्ज़ी लिख दो, नंबर मिल जाए।" कारकुनाला अर्ज लिहिण्याची विनंती म्हणजे गवयाला गाण्याचा आग्रह. मी लगेच वीस क्रमांकाचा नमुना मिळवला. मोटार वाहनाच्या नोंदणीसाठी करावयाचा अर्ज तो हाच. मालकाचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता हे सारे भराभर झाले. पुढे 'वाहन नवे आहे, माजी सैनिकी आहे की आयात केलेले आहे' असा प्रश्न आला, तेव्हा आम्ही जरा घुटमळलो. त्यानंतरचा रकाना आला 'उत्पादकाचे नाव', आणि तेथे लेखणी थांबली ती थांबलीच.

हा रकाना इतका अवघड का, ह्याचा शोध घेता घेता मी मोटारीच्या इतिहासात बराच मागे गेलो. तो शोध वाचकांपुढे ठेवावा एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेत 'उत्पादक' ही एकच व्यक्ती असे असा समज चुकीचा आहे. त्या काळी कारखाना इंजिनासह सांगाडा विकी आणि श्रीमंत गिऱ्हाईक वरचा साज आपल्या आवडीच्या घोडागाडी-कारागिराकडून चढवून घेई. आपल्या संस्थानिकांच्या अनेक मोटारी अशाच घडल्या. त्यांतील सर्वांत विक्षिप्त नमुना संस्थानिकाचा नव्हता, तर कलकत्त्यातील रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन ह्या गोऱ्या धनिकाचा होता. १९१० मध्ये त्याने इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथील ब्रूक ह्या कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. हंसाच्या चोचीतून वाफेचा फवारा उडे आणि रस्त्यातली गर्दी पांगे. ही गाडी पुढे नाभ्याच्या महाराजांकडे गेली आणि आज ती नेदरलँड्समधील हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. अशा गाडीला परवाना कसा मिळाला, असे आज कोणी विचारील. परंतु साऱ्या हिंदुस्थानला लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदाच १९१४ चा. हंस त्याआधीच रस्त्यावर उतरला होता. पैसेवाल्याची लहर आणि कारागिराचा हात ह्यांच्यामध्ये त्या वेळी फारसे कागद नव्हते.

सामान्य माणसाच्या हाती मोटारीचे सुटे अवयव आले ते दुसऱ्या महायुद्धाने. विलीस आणि फोर्ड ह्या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळशा इथल्या तळांवर उरल्या आणि लिलावात निघाल्या. पंजाबच्या सीमेवरील हरियाणातल्या मंडी डबवाली गावाने पुढे ह्या मोडीवर एक अख्खा धंदा उभारला. सैन्याच्या लिलावातील जीप आणायची, ती सुटी करायची आणि नव्याने जोडून विकायची. दिल्लीत युद्धातून उरलेल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे खोके जोडून फटफट्या तयार झाल्या. कॅनॉट प्लेस ते लाल किल्ल्याच्या बाजूस त्या अर्धशतक उतारू वाहत होत्या. प्रदूषणाच्या कारणास्तव १९९८ च्या सुमारास त्या बंद झाल्या. आमच्या नमुन्यातील 'माजी सैनिकी वाहन' हे दोन-तीन शब्द म्हणजे त्या काळाचा सरकारी कागदात राहून गेलेला ठसा आहे. नमुने लवकर बदलत नाहीत, हे आपणां नोकरदारांस वेगळे सांगायला नकोच.

आता आपल्या मुलखाकडे वळू. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी ह्यांचे नाव आज फार थोड्यांना आठवते. शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. पण हातात यंत्रविद्या अशी की १९४९ मध्ये त्यांनी दोन माणसे बसतील अशी छोटी मोटार स्वतः बांधून रस्त्यावर आणली. तिचे नाव 'मीरा'. पोलादी स्प्रिंगांऐवजी रबराची योजना आणि हवेने थंड होणारे इंजिन ही तिची पुढील काळातली वैशिष्ट्ये. एक नमुना झाला की दुसरा, दुसऱ्यातील उणिवा काढून तिसरा, असा त्यांचा खटाटोप १९७० नंतरही चालू होता. शेवटी शेवटी बारा हजार रुपयांत मोटार देण्याची त्यांची उमेद होती. ज्या कोल्हापूर भागात ओतकामाच्या भट्ट्या आणि ऑइल इंजिने घरोघरी माहीत, तेथे ही उमेद हास्यास्पद नव्हती. परंतु १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर मोटार बनवणे हे केवळ बनवता येण्यावर अवलंबून राहिले नव्हते. स्वस्त मोटारीसाठी दिल्लीत समित्या बसत होत्या आणि उठत होत्या. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग उभा केला आणि १९८३ च्या डिसेंबरात जपानी सुझुकीच्या साह्याने जनतेची मोटार अवतरली. मीरेचा कारखाना निघाला नाही. कुलकर्ण्यांवर अन्याय झाला असे मी सरसकट म्हणणार नाही. नमुना चालणे निराळे आणि वर्षाला हजारो गाड्या एकसारख्या काढणे निराळे. तरी चांगला नमुना हाती असलेल्या माणसाला पुढची पायरी दाखवणारे कोणतेही दार आपल्या व्यवस्थेत नव्हते, हे मात्र खरे.

जे दार नव्हते, त्याच्या आडून दुसरेच काही आले. उत्तरेकडील खेड्यांत शेताला पाणी देणारे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन घराघरात पोहोचले होते. पावसाळ्यात ते रिकामे पडून राही. कोणीतरी ते लाकडी फळ्यांच्या चौकटीवर बसवले, त्याला भंगारातील जीपची चाके आणि सुकाणू जोडले, आणि 'जुगाड' हे वाहन जन्मले. पंजाबात त्याला 'मारुता' म्हणतात. मारुतीचा हा गावठी भाऊबंद. कोठे इंजिनाच्या नावावरून 'पीटर रेहडा' असेही म्हणतात. सौराष्ट्रातला छकडा हा ह्याचाच चुलतभाऊ. त्याचे तोंड बुलेट मोटारसायकलीचे आणि धड बैलगाडीचे. राजस्थानच्या पूर्व भागात भरतपूर, अलवर, दौसा इकडे जुगाडावरून लग्नाची वऱ्हाडे गेली आणि मोहरीची पोतीही गेली. त्याला क्रमांक नव्हता, विमा नव्हता, आणि पुष्कळदा धड ब्रेकही नसे. उतारावर गाडी थांबवायची म्हणजे एकाने उडी टाकून चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारायचा. इचलकरंजीची मोटार कागदाच्या वाटेने जाऊ पाहत होती, ती बाजारात पोहोचली नाही. जुगाडाने कागदाचे तोंडही पाहिले नाही, आणि तो गावोगाव धावला.

योगायोग पाहा. २०१२ मध्ये नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा ह्यांचे 'जुगाड इनोव्हेशन' हे इंग्रजी पुस्तक निघाले आणि व्यवस्थापनाच्या वर्गांत ह्या शब्दाचा गौरव सुरू झाला. पुढच्याच वर्षी, मे २०१३ मध्ये, राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या एका अपघात-प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जुगाड हे १९८८ च्या कायद्याच्या व्याख्येत बसणारे मोटार वाहनच आहे. रुळांवरची वाहने, कारखान्याच्या आवारापुरती वाहने आणि पंचवीस घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची चारांहून कमी चाकांची वाहने एवढीच त्या व्याख्येबाहेर आहेत. जुगाड ह्यांपैकी कशातही बसत नाही. तेव्हा नोंदणी आणि विम्याशिवाय त्याने रस्त्यावर येऊ नये, आणि अंमलबजावणी करणाऱ्यांनी आपले कर्तव्य टाळू नये, असे न्यायालयाने बजावले.

हा निर्णय मी मिस्त्रींना समजावून सांगत होतो, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. दौशाकडच्या एका गावातून तो जुगाडावर बसून येत होता. उतारावर गाडी उलटली. जखमीला न्यायला वेळेवर वाहन मिळाले नाही. जे मिळाले त्यात त्याला आडवे ठेवता आले नाही. मागे बायको आणि दोन मुले राहिली. दावा करायचा तर कोणावर? वाहनाला विमा नाही, आणि मालकाकडे विकण्याजोगे जे काही होते ते तेच वाहन, तेही मोडलेले. मिस्त्रींना गाडी लांब का हवी होती आणि क्रमांकासाठी ते इतके का अडून बसले होते, हे मला त्या दिवशी कळले. तोवर मी त्यांना हौशी समजत होतो.

परंतु कायद्याची वाट त्यांच्यासाठी फारशी मोकळी नव्हती. १९८९ च्या केंद्रीय नियमांतील १२६ वा नियम सांगतो की उत्पादकाने वाहनाचा नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा. पुण्याची १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आणि अहमदनगरची (आताच्या अहिल्यानगरची) सैनिकी वाहन-संशोधन संस्था ह्या त्यांतल्या दोन, दोन्ही महाराष्ट्रातल्या. कारखाना हजारो गाड्यांसाठी एकदा जी परीक्षा देतो, ती मिस्त्रीने एका गाडीसाठी द्यावी असा ह्याचा अर्थ. जुन्या गाडीत फेरफार करावे तर कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. २००० मध्ये ते कडक झाले. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. ह्या कडकपणाला मी नावे ठेवीत नाही. उतारावर ठोकळा घेऊन उडी टाकणारा माणूस ज्याने पाहिला आहे, तो ठेवणार नाही. पण इंग्लंडात पाहावे तर घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची सोय आहे, आणि जिच्या अवयवांचे मूळ निश्चित सांगता येत नाही अशा गाडीला 'क्यू' अक्षराचा क्रमांक मिळतो. म्हणजे तिथल्या नमुन्यात 'ठाऊक नाही' ह्या उत्तरालाही जागा आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी निघाली खरी, परंतु अट अशी की गाडी मूळ रूपात हवी.

त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, एका लोहार-कारागिराने लाथ मारून सुरू होणारी चारचाकी भंगारातून बनवली. देशभर तिचे कौतुक झाले. एका मोठ्या उद्योगपतींनी ती मागून घेतली आणि बदल्यात त्याला कारखान्याची कोरी गाडी दिली. देणाऱ्याचे औदार्य निःसंशय. पण रस्त्यावर आली ती कारखान्याचीच गाडी, हेही लक्षात राहते.

तर आमचा अर्ज. 'उत्पादकाचे नाव' ह्या रकान्यात मिस्त्रींचे नाव लिहावे, असा मोह मला झाला होता. ते खोटे ठरले नसते. पण ते टिकले नसते. शेवटी मी विचारले, मूळ जीपचा काही कागद आहे का? त्यांनी नाखुशीने पेटी उघडली आणि तळातून जुने नोंदणी-पुस्तक काढले. "वो जीप तो अब रही नहीं, बाबूजी," ते म्हणाले. मी म्हटले, कागदोपत्री तीच आहे, आणि विमा कागदालाच मिळतो.

त्यानंतर चार रविवार आम्ही अंगणात होतो. मी पुस्तकातील तपशील मोठ्याने वाचायचा आणि ते त्याप्रमाणे गाडी उलटी फिरवीत न्यायचे. डिझेल इंजिन उतरले. त्याच जातीचे जुने पेट्रोल इंजिन त्यांनी कोठूनतरी मिळवले; त्याच्या मंजुरीचा अर्ज मी निराळा लिहिला. सर्वांत शेवटी सांगाड्याची पाळी आली. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर : ८० इंच. मी आकडा वाचला. त्यांनी फीत धरली, खडूने खूण केली, आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःच जोडलेल्या पट्टीवर करवत ठेवली. ती कापायला सकाळचे अकरा वाजले. कापलेला दीड फुटाचा तुकडा त्यांनी भंगारात टाकला नाही. आत नेऊन खाटेखाली ठेवला.