घरी बसवा

संघ हरला की कोणीतरी जावे, असे सगळ्याच भाषांना वाटते. शब्द तेवढे वेगळे. हिंदीत ‘हटाओ’. इंग्रजी मैदानांवर माणसाच्या नावापुढे ‘आउट’ जोडतात. मराठीत आपण म्हणतो, ‘घरी बसवा’. जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यात वाढलेल्या माझ्या कानांवर यातला पहिला आणि शेवटचा शब्द एकाच वाक्यात पडत आला आहे.

११ जून २०२४ रोजी दोह्यात भारतीय फुटबॉल संघ कतारकडून १-२ असा हरला आणि विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीची संधी गेली. कतारच्या बरोबरीच्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, तरी गोल धरला गेला. सहा दिवसांनी प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना काढण्यात आले. चाहत्यांत दोन तट आधीच पडले होते. एक म्हणे, मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो तेव्हाच नारळ द्यायला हवा होता. दुसरा म्हणे, आदल्या वर्षी सॅफ चषक याच माणसाने जिंकून दिला ना? हा वाद ऐकताना मला फुटबॉलमधले नव्हे, क्रिकेटमधले नाव आठवत राहिले: अजित वाडेकर. ‘घरी बसवा’ हा निकाल त्यांच्यावर दोनदा लागला, आणि दोन्ही वेळा ते वेगवेगळ्या खुर्चीवर होते.

पहिली खुर्ची कर्णधाराची. जानेवारी १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर आले. म्हणजे सुरुवातच दुफळीने झाली. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली. २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडलाही त्यांच्या घरी हरवले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ वर संपवला होता. मुंबईत उघड्या गाड्यांतून मिरवणूक निघाली. आमच्या मध्य प्रदेशात, इंदूरला, विजयी संघाच्या सन्मानार्थ काँक्रीटची भली मोठी बॅट उभी राहिली.

तीन वर्षांनी, २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सवर भारताचा दुसरा डाव अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत आटोपला. त्यातल्या १८ एकट्या सोलकरच्या. मालिका ०-३ अशी गेली. इंदूरच्या बॅटला काळे फासले गेले आणि मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. ज्याला घरी बसवायचे, त्याचे घरही लोकांनी शिल्लक ठेवले नाही. दुलीप करंडकासाठी पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळले, तेव्हा तेहतिसाव्या वर्षी ते निवृत्त झाले.

मी तेव्हा सातवीत होतो. घरात रेडिओ एक आणि मते दोन. काका म्हणत, कर्णधाराने जबाबदारी घ्यायची नाही तर कोणी? वडील विचारत, चंद्रशेखरचा अंगठा लॉर्ड्सवरच दुखावला, तो काय वाडेकरांनी मोडला? दोघांचे आवाज चढत, मग आई रेडिओ बंद करी.

आज हिशेब मांडला तर दोघेही अर्धीच वही वाचत होते असे दिसते. वाडेकर स्टेट बँकेतले अधिकारी, म्हणून बँकेच्याच भाषेत सांगायचे तर जमेला ४ विजय, नावे ४ पराभव आणि ८ सामने अनिर्णित. एकूण १६ कसोटी. काकांना जमेची बाजू दिसत नव्हती, वडिलांना नावेची. तिसरी गोष्ट मात्र दोघांनाही सुचली नाही. १९७१ च्या आणि १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यांचे मॅनेजर एकच होते, कर्नल हेमू अधिकारी. त्यांना घरी बसवा, असे आमच्या घरात कोणीच म्हणाले नाही.

याचे कारण त्या पदाच्या अर्थात होते. फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डाव आखणारा, म्हणून हरल्यावर जाणाराही. आपल्या क्रिकेटमध्ये मॅनेजर म्हणजे बराच काळ पासपोर्ट, भत्ता आणि सामान सांभाळणारा गृहस्थ. कर्नल अधिकाऱ्यांसारखा एखादा क्षेत्ररक्षणावर कसून मेहनत घेई, पण बोल लागे तो कर्णधाराला. १९९२ मध्ये वाडेकर क्रिकेट मॅनेजर झाले, तोवर हा अर्थ बदलत होता. दोषाची खुर्ची सरकली होती आणि तिच्यावर पुन्हा तेच बसले.

सुरुवातीला पुन्हा मिरवणुकीचे दिवस आले. १९९३ च्या हिवाळ्यात कुंबळे, राजू आणि चौहान या तीन फिरकी गोलंदाजांनिशी भारताने इंग्लंडला ३-० असे धुतले. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडमध्ये सिद्धूची मान आखडली, तेव्हा अझरुद्दीन आणि वाडेकर यांनी सचिनला सलामीला पाठवले. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या.

मग १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, विश्वचषकाची उपांत्य फेरी. अझरुद्दीनने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले. निर्णय अगदीच अविचारी नव्हता. अकराच दिवसांपूर्वी दिल्लीत श्रीलंकेने भारताच्या २७१ धावा ओलांडून दाखवल्या होत्या. पण खेळपट्टी फुटत गेली. १ बाद ९८ वरून भारत ८ बाद १२० वर आला, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. चेरीतालच्या पानठेल्यावर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. या वेळी वाद माझ्या पिढीचा होता आणि शब्द मात्र काकांचेच.

वाडेकर गेले. संदीप पाटील आले, वर्ष संपण्याआधी मदन लाल, १९९७ मध्ये अंशुमन गायकवाड, १९९९ मध्ये कपिल देव, २००० च्या अखेरीस जॉन राइट. कर्णधारपद अझर, सचिन, पुन्हा अझर, पुन्हा सचिन आणि मग गांगुली असे फिरले. या धांदलीत आजार तसाच राहिला: फिरणाऱ्या खेळपट्ट्यांवर घरी वाघ, बाहेर हतबल. १९९३ च्या कोलंबोनंतर देशाबाहेर कसोटी जिंकायला नोव्हेंबर २००० उजाडला, तोही ढाक्यात, बांगलादेशाच्या पहिल्याच कसोटीत. खेळपट्ट्या कोण बनवतो, रणजीचे वेळापत्रक कोण ठरवतो, हे पानठेल्यावर कोणी विचारले नाही, कारण त्या माणसांचे चेहरे आम्हाला माहीत नव्हते. घरी बसवायला चेहरा लागतो.

उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे, आणि ते फुटबॉलचे आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, आणि मेलबर्नला १९५६ मध्ये संघ घेऊन गेले ते रहीमच; भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळाले तेव्हाही तेच होते. दहा गोल खाल्ल्यावर कोणाचे डोके उडवायचे याऐवजी पायांकडे पाहिले गेले.

माझ्या मोहल्ल्याचे नाव यात मला नेहमी आठवते. शहरात सांगतात की राणीताल राणी दुर्गावतीचे, आधारताल तिच्या दिवाणाचे, आणि चेरीताल तिच्या चेरीचे, म्हणजे दासीचे. दंतकथा असेल, पण श्रेय वाटून घेण्याची रीत तिच्यात आहे. अपयश वाटून घेण्याची रीत आपल्याला अजून सापडलेली नाही.

स्टिमॅकनंतर मानोलो मार्केझ आले आणि वर्षभरात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ असे हरून भारत २०२७ च्या आशियाई चषकातून बाद झाला. त्याच हंगामात देशाची सर्वोच्च लीग वेळेवर सुरूसुद्धा होऊ शकली नव्हती. आता जमील राहावेत की जावेत, यावर पुन्हा दोन तट आहेत. मला त्या वादात कोणत्याच बाजूला बसायचे नाही. लीग वेळेवर का सुरू झाली नाही हे जो सांगू शकतो, त्याचे नाव आधी कळले, तर मी वाद घालायला तयार आहे.