बैलाचे शिंग आणि क्ष-किरण

श्रोत्यांपैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांना पोळ्याची गडबड आठवत असेल. बैलांना नदीवर नेऊन धुवावयाचे, त्यांची शिंगे साळावयाची, त्यांना हिंगूळ लावावयाचा, टोकांवर पितळी शेंब्या बसवावयाच्या. बैलाचे सारे वैभव जणू त्या शिंगांतच साठविलेले असते. त्याच शिंगाच्या पोटात एक दुर्धर रोग वाढू शकतो, आणि तो जगाच्या पाठीवर मुख्यत्वेकरून आपल्याच देशातील वशिंडाच्या गुरांना जडतो, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. पशुवैद्य त्याला शिंगाचा कर्करोग म्हणतात. प्राण्यांच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा आणि शरीराच्या आत डोकावून पाहण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना पाश्चात्य ग्रंथकार बहुधा घोड्यापासून किंवा कुत्र्यापासून आरंभ करतील. मला तो बैलाच्या शिंगापासून करावासा वाटतो. कारण या इतिहासातील मूळ प्रश्न तेथे अगदी उघडा दिसतो. जे डोळ्यांना दिसत नाही, ते कोठून आणि कोठवर कापावयाचे?

शिंग बाहेरून भरीव वाटते, पण ते तसे नसते. वरचे कवच आपल्या नखाच्याच जातीचे. त्याच्या आत हाड असते. आणि जनावर वयात आले की ते हाड आतून पोकळ होऊन कपाळाच्या हाडातील पोकळीशी जोडले जाते. या पोकळीला आतून एक पातळ अस्तर असते. रोगाचा उगम या अस्तरात होतो. बैल पाच ते दहा वर्षांचा, म्हणजे ऐन कामाच्या वयाचा असतो. प्रथम तो डोके झटकू लागतो, शिंग झाडाला किंवा गव्हाणीला घासतो, मान एका अंगाला कलती धरतो. मग त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो. शिंगाचे मूळ हाताला गरम लागते. काही आठवड्यांनी शिंग हलू लागते, वाकते, आणि अखेरीस गळून पडते. त्या जागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी वाढ दिसते आणि पावसाळा असला तर तीत किडे पडतात. शेतकऱ्याला रोग दिसतो तो बहुधा या शेवटच्या अवस्थेत.

हा रोग का होतो, याविषयी तर्क पुष्कळ झाले. कोणी जुवाच्या घर्षणाला दोष दिला, कोणी शिंगे साळण्याला, कोणी रंगांना. खच्ची केलेल्या बैलांत तो फार आढळतो, गायींत कमी आणि वळूंत क्वचितच. म्हणून शरीरातील अंतःस्रावांचा तोल बिघडणे हेही एक कारण मानले गेले. १९६९ मध्ये मुंबईतील संशोधकांनी भारतीय गुरांच्या निरनिराळ्या जातींत या रोगाचे प्रमाण किती, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर गुजरातेतील देखण्या, मोठ्या शिंगांच्या कांक्रेज जातीत हा रोग विशेष दिसतो असे नोंदले गेले आहे. बडोदे किंवा अहमदाबादेकडील श्रोत्यांनी ही गुरे पाहिली असतील. या सर्व तर्कांपैकी एकावरही अद्याप निर्विवाद शिक्कामोर्तब झालेले नाही. म्हणून केवळ रंग लावला म्हणून बैल दगावला, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे आधुनिक पशुवैद्यकाची परंपरा तशी जुनी आहे. मुंबईत परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ १८८० च्या दशकात उभे राहिले आणि त्याच्याच आश्रयाने १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९४१ मध्ये माणसांच्या कर्करोगासाठी टाटा स्मारक रुग्णालय निघाले तेही परळलाच. एकाच रोगाच्या दोन प्रकारच्या रुग्णांसाठी मुंबईने एकच वस्ती निवडावी, हा योगायोग मला नेहमी लक्षणीय वाटतो.

त्या काळच्या पशुवैद्याजवळ शिंगाच्या आत पाहण्याचे साधन कोणते होते? त्याची बोटे आणि त्याचे कान. निरोगी शिंगाच्या मुळाशी व कपाळावर ठोठावले तर पोकळ नाद येतो. आत गाठ भरली असेल तर तो बद्द होतो. ठोठावून रोग ओळखण्याची ही युक्ती व्हिएन्नाचे वैद्य लेओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ते एका खानावळवाल्याचे पुत्र. मद्याच्या पिंपात माल किती उरला आहे हे वडील पिंप ठोठावून पाहत, त्यावरून मुलाला ही कल्पना सुचली असे म्हणतात. आपल्याकडे बाजारात मडके घेताना आपण हेच करतो, फक्त त्यावर ग्रंथ लिहीत नाही.

रोग ओळखल्यावर उपाय एकच: शिंग मुळापासून कापून काढणे. पूर्वी जनावराला दोरांनी पाडून, माणसांनी दाबून धरून करवतीने हे काम उरकावे लागे. पुढे स्थानिक बधिरीकरणाची औषधे आली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळाकडे हाडाच्या कडेने एक मज्जातंतू जातो. तेथे सुईने औषध घातले की शिंग बधिर होते. ही एवढीशी गोष्ट, परंतु तिने शल्यचिकित्सकाला वेळ दिला. आणि वेळ मिळाल्यावाचून गाठीच्या कडेकडेने जपून कापणे शक्यच नसते. शिंग निघाल्यावर कपाळाची पोकळी उघडी पडते. आधी तीत कापडाच्या पट्ट्या भरून जखम आपोआप भरू देत. पुढे कातडीच्या दोन्ही कडा सैल करून, ओढून, वर शिवण घालण्याची पद्धत आली. जखम लवकर भरू लागली, माश्यांचा उपद्रव टळला आणि बैल लवकर कामाला जुंपता येऊ लागला.

तरीही रोग पुष्कळदा उलटे. वाढ कपाळाच्या पोकळीत किती खोल पोहोचली आहे, हे कापणाऱ्याला आधी कळत नसे. म्हणून आपल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेला इतर उपायांची जोड देऊन पाहिली: गाठीच्याच ऊतीपासून तयार केलेला अर्क टोचणे, किंवा व्हिन्क्रिस्टिन हे औषध देणे. हे औषध निघते ते आपल्या अंगणातील सदाफुलीपासून. या उपायांनी काही जनावरांत गाठी आक्रसल्या, काहींत नाही. खोली मोजण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

विल्हेल्म रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, इंग्लंडात पशुवैद्य फ्रेडरिक हॉब्डे यांनी एका सहकाऱ्यासह घोड्याच्या पायाचे क्ष-किरण चित्र प्रसिद्ध केले. पशुवैद्यक या बाबतीत माणसांच्या वैद्यकापेक्षा मागे नव्हते. मागे पडले ते अन्य कारणाने. माणसाला श्वास रोखून स्थिर बसा असे सांगता येते. घोड्याला आणि बैलाला ते सांगणार कोण? यंत्रे जड, त्यांची शक्ती अल्प, जनावराचे अंग जाड. त्यामुळे पाय, खूर, डोके यांपलीकडे मोठ्या जनावरांत क्ष-किरणांचा हात फारसा पोहोचला नाही. बैलाच्या शिंगात मात्र तो पोहोचला. आतले हाड कुरतडले गेलेले चित्रावर दिसे आणि ठोठावून केलेल्या निदानाला पुरावा मिळे. व्हिएन्नात अलोईस पोमर यांनी हेच किरण जनावरांच्या गाठींवर उपाय म्हणून वापरण्याचा पाया घातला. परंतु साध्या क्ष-किरण चित्रात सारे एकावर एक छापले जाते. गाठ पुढे आहे की मागे, हे त्यावरून सांगणे कठीण.

ही अडचण दूर करण्यात बैलाने स्वतःच हातभार लावला आहे, हे मात्र आपण विसरतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात ई.एम.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत गॉडफ्रे हाऊन्सफील्ड नावाचे एक अभियंते निराळ्याच कल्पनेच्या मागे होते. एखाद्या वस्तूतून सर्व बाजूंनी किरण सोडून किती किरण पार जातात ते मोजावे आणि त्या हजारो मापांवरून गणकयंत्राकडून त्या वस्तूचा आडवा छेद काढून घ्यावा. पहिले यंत्र त्यांनी एका लेथच्या सांगाड्यावर उभारले. किरणांचा उगम इतका दुबळा की एका चित्रासाठी मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागत आणि गणितास आणखी अडीच तास. आरंभी औषधात जपून ठेवलेले मानवी मेंदू पाहिले, तेव्हा चित्रे फार उत्तम आली. नंतर शंका आली की हा स्पष्टपणा त्या जपणुकीच्या औषधाचा तर नव्हे? आणि ती खरी निघाली. मग पडताळ्यासाठी बैलांचे ताजे मेंदू आणले. त्यांत फरक तितके ठळक नव्हते, तथापि मेंदूच्या रचनेचा पुष्कळ तपशील दिसला. कल्पना खरी होती हे ठरले ते येथे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका स्त्रीचे चित्र घेतले गेले, आणि आज ज्याला आपण सीटी स्कॅन म्हणतो त्याचा वैद्यकात प्रवेश झाला. १९७९ मध्ये हाऊन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्राचा खरा उपयोग प्राण्यांना झाला तो कुत्र्यांच्या रूपाने. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना हाडाचा एक अतिशय आक्रमक कर्करोग होतो. पुष्कळदा पुढच्या पायात, मनगटाच्या जरा वर. पाय कापून टाकला तर वेदना थांबते, परंतु रोगाचे सूक्ष्म कण त्याआधीच फुप्फुसांत गेलेले असतात. केवळ पाय कापलेल्या दहा कुत्र्यांपैकी सुमारे नऊ वर्षाच्या आत दगावत. अमेरिकेत कोलोराडो राज्य विद्यापीठात स्टीफन विथ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात निराळी वाट धरली. औषधांनी फुप्फुसांतल्या कणांना रोखावयाचे, हाडाचा रोगट तुकडाच तेवढा काढावयाचा, आणि त्या जागी मेलेल्या दुसऱ्या कुत्र्याचे, गोठवून ठेवलेले हाड धातूच्या पट्टीने बसवावयाचे. मनगट वाकत नाही, पण कुत्रा चारही पायांवर चालतो. हाच रोग लहान मुलांना व कुमारांनाही होतो. मुलांचे हातपाय वाचविणाऱ्या अस्थिशल्यविशारदांशी या पशुवैद्यांचे सहकार्य जमले आणि एका बाजूचा अनुभव दुसऱ्या बाजूस उपयोगी पडला.

याला दृष्टीची साथ नसती तर हे शक्य नव्हते. हाडाच्या आत गाठ कोठवर गेली आहे हे आधी नेमके कळले, तरच पाय राखण्याचा विचार करता येतो. फुप्फुसांचेही तसेच: सात-आठ मिलिमीटरहून लहान गाठ साध्या क्ष-किरण चित्रावर सहसा ओळखू येत नाही, तर सीटीवर एक-दोन मिलिमीटरचीही दिसते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. पाय वाचविलेल्या ज्या कुत्र्यांची जखम पिकली, ती न पिकलेल्यांपेक्षा अधिक काळ जगली. जंतुसंसर्गाने शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते असा त्यावरचा तर्क आहे.

आत पाहता आले की कापणे नेहमी कमीच होते, असे मात्र कोणी समजू नये. मांजरांत टोचलेल्या जागी क्वचित एक मांसार्बुद उद्भवते. ते बोटांना लिंबाएवढे लागते. सीटीने पाहिले तर त्याचे तंतू स्नायूंच्या थरांतून दूरवर पसरलेले आढळतात. बोटांच्या भरवशावर केलेली पहिली शस्त्रक्रिया अपुरी पडे आणि रोग उलटे. म्हणून आज कित्येक शल्यचिकित्सक चहूबाजूंनी पाच सेंटिमीटरपर्यंत निरोगी ऊतीसह ती गाठ काढतात. मांजराच्या शरीरात पाच सेंटिमीटर म्हणजे केवढा भाग, याची कल्पना मांजर मांडीवर घेतल्यावाचून येत नाही. येथे यंत्राने शस्त्राला धीट केले.

आपल्या देशात ही साधने पोहोचू लागली आहेत. मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये लहान प्राण्यांसाठी टाटा ट्रस्ट्सचे मोठे रुग्णालय सुरू झाले, आणि तेथे सीटी व एमआरआयची सोय आहे. नावाप्रमाणे ते लहान प्राण्यांचे आहे. ज्या बैलाच्या ताज्या मेंदूवर सीटीची परीक्षा झाली, तो त्या यंत्राच्या मेजावर मावत नाही. मावला तरी खेड्यातून त्याला तेथे आणणार कोण, आणि त्याच्या किमतीहून अधिक खर्च करणार कोण? कुत्र्याचा उपचार मालकाच्या मायेवर ठरतो, बैलाचा मात्र माया कितीही असली तरी हिशेबावर ठरतो. शिवाय बैलच कमी होत चालले आहेत. पशुगणनेप्रमाणे देशातील गोवंशातील नर २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होते, ते २०१९ मध्ये सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आले. ट्रॅक्टर आले, जू उतरले, आणि त्याबरोबर या रोगाचे रुग्णही कमी होत जाणार.

तरीही ज्या दारात आज बैल उभा आहे, तेथे काम जुन्याच रीतीने चालते. पशुवैद्य कपाळावर बोटांनी ठोठावतो, मान कलती आहे का पाहतो, नाकपुडी पुसून रक्त आहे का बघतो. वेळीच बोलावले असेल तर बैलाला खोड्यात उभा ठेवूनच डोळ्यामागे सुई घालतो, शिंग मुळापासून काढतो, पोकळीत बॅटरीचा प्रकाश टाकून अस्तर तपासतो, आणि कापलेल्या कडेचा एक तुकडा बाटलीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी धाडतो.