तळटीप : घटता पुरवठा

* लेखकाने इथे बिटकॉइन आणि इथर यांना एकाच पंक्तीत बसवले आहे, ते पटण्यासारखे नाही. बिटकॉइनचा पुरवठा घटत नाही, फक्त वाढीचा वेग मंदावतो : दर २,१०,००० ब्लॉकनंतर नव्या नाण्यांचे बक्षीस निम्मे होते. इथरची नाणी मात्र खरोखरच नष्ट होतात. ५ ऑगस्ट २०२१ च्या ‘लंडन’ सुधारणेपासून प्रत्येक व्यवहाराचे मूळ शुल्क कोणाच्याही खात्यात जमा न होता हिशेबातून कायमचे वजा होते; यालाच ‘जळणे’ म्हणतात. साध्या हस्तांतराला २१,००० एकक गॅस, म्हणजे जाळ्यावरच्या कामाचे माप, लागतो. मूळ दर एककामागे २० ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा अब्जांश) असेल तर ०.०००४२ इथर संपले. गर्दी वाढली की दर चढतो, म्हणजे जास्त जळते. दुसरीकडे, व्यवहार पडताळणाऱ्यांना नवे इथर मिळतच राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये खाणकाम बंद झाल्यावर ही नवी भर एकदम रोडावली, आणि जळणारे इथर तिच्याहून जास्त झाले की एकूण पुरवठा आकसू लागला. पण मार्च २०२४ च्या ‘डेनकन’ सुधारणेने मुख्य जाळ्यावर आधारलेल्या दुय्यम जाळ्यांचे शुल्क स्वस्त केले, जळण कमी झाले आणि पुरवठा पुन्हा वाढीला लागला. तेव्हा ‘घटता पुरवठा’ हा इथरचा कायमचा गुण मानू नये. इतर काही नाण्यांचे चालक तर स्वतःकडचाच साठा, ज्याची किल्ली कोणाकडेच नाही अशा पत्त्यावर पाठवून ‘जाळल्याचे’ जाहीर करतात. तो साठा मुळात बाजारात फिरत नसेल, तर खरेदीदारासाठी टंचाई तसूभरही वाढत नाही. — संपादक