तुटलेल्या जपानी तलवारींचे जतन

पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या जुन्या जपानी तलवारीचे (निहोन्तो) पाते तुटल्यास ते पूर्ववत सांधता येत नाही. अशा वेळी संग्राहकापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात: तुकडे आहेत त्या स्थितीत जपणे, उरलेल्या पात्यापासून आखूड शस्त्र करून घेणे, किंवा पात्याला पुन्हा पाणी देणे. पाते कोठे तुटले आहे, धारेचे पाणी शाबूत आहे का आणि कारागिराची नाममुद्रा कोणत्या तुकड्यावर आहे, यांवर योग्य पर्याय ठरतो.

सांधता न येण्याचे कारण

जपानी तलवारीच्या पात्याला पाणी देण्यापूर्वी त्यावर मातीचा लेप देतात. हा लेप धारेकडे पातळ व पाठीकडे जाड असतो. तापलेले पाते पाण्यात बुडवताच धार लवकर थंड होऊन अतिशय कठीण बनते, तर पाठ तुलनेने मऊ व चिवट राहते. या दोन भागांच्या सीमेवर उमटणाऱ्या नक्षीला ‘हामोन’ म्हणतात. घराणे, काळ आणि कारागीर ओळखण्यासाठी अभ्यासक तिचा आधार घेतात.

वेल्डिंग किंवा भट्टीतील सांधकाम यांच्या उष्णतेने सांध्याजवळचे पाणी उतरते आणि तेथील हामोन नष्ट होतो. सांधलेले पाते दिसायला अखंड असले, तरी ते वापरास सुरक्षित नसते आणि पुराव्याच्या दृष्टीनेही सदोष ठरते.

तुटीचे स्थान

टोकाच्या आत वळणाऱ्या हामोनला ‘बोशी’ म्हणतात. टोकाचा लहानसा टवका उडाला असेल आणि बोशीचा पुरेसा भाग शिल्लक असेल, तर कुशल शिकलगार (तोगिशी) टोकाला पुन्हा आकार देऊ शकतो. संपूर्ण बोशी गेली असल्यास नवे टोक करता येते. परंतु त्यावरील हामोन वळण न घेता मध्येच तुटलेला दिसतो.

पाते मध्यावर तुटले असेल तर दोन्ही तुकड्यांचे महत्त्व वेगवेगळे असते. वरच्या तुकड्यात बोशी असते. खालच्या तुकड्यात मुठीत बसणारा भाग (नाकागो) आणि अनेकदा त्यावर कोरलेली नाममुद्रा (मेई) असते. त्यामुळे निरुपयोगी समजून एखादा तुकडा टाकून दिल्यास निम्मी माहिती कायमची हरवते.

आखूड करणे

जपानमध्ये लांब तलवारी खालच्या बाजूने कापून आखूड करण्याची (सुरिआगे) जुनी परंपरा आहे. टोक व बोशी अबाधित ठेवून पात्याच्या खालच्या भागातून नवा नाकागो काढला जातो. मूळ नाकागो पूर्णपणे गेल्यास त्या प्रकाराला ‘ओ-सुरिआगे’ म्हणतात. यात नाममुद्रा नष्ट होते. म्हणून कधी ती दुमडून, तर कधी कापून नव्या नाकागोमध्ये बसवून राखली जात असे. फुकुओका शहर संग्रहालयातील ‘हेशिकिरी हासेबे’ ही तलवार अशी आखूड केलेली व मूळ नाममुद्रा नसलेली असूनही जपानचा ‘राष्ट्रीय ठेवा’ म्हणून घोषित आहे.

तुटलेल्या पात्याच्या वरच्या तुकड्याला हीच रीत लागू पडते. नव्या पात्याची लांबी सुमारे ३०.३ ते ६०.६ सेंटिमीटर असल्यास ते ‘वाकिझाशी’ आणि त्याहून कमी असल्यास ‘तांतो’ या वर्गात मोडते. धारेला आडवी गेलेली चीर (हागिरे) बुडाजवळ असेल, तर तीही अशा रीतीने वगळता येते. हे काम अपरिवर्तनीय असल्याने ते प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घेतले जाते.

पुन्हा पाणी देणे

आगीत पाणी उतरलेल्या पात्याला पुन्हा पाणी देण्याच्या क्रियेला ‘साइहा’ म्हणतात. तिच्यामुळे मूळ कारागिराचा हामोन परत मिळत नाही. मिळतो तो दुसऱ्याच कारागिराचा नवा हामोन. पात्याचा बाक बदलण्याचा किंवा त्याला तडा जाण्याचा धोकाही असतो. अशा तलवारीचे मूल्य सामान्यतः बरेच घटते. तथापि अपवादही आहेत. आवातागुची योशिमित्सु याने घडवलेली ‘इचिगो हितोफुरी’ ही तलवार इ.स. १६१५ मध्ये ओसाका किल्ल्याच्या पाडावात जळाली. यासुत्सुगु या लोहाराने तिला पुन्हा पाणी दिले आणि आज ती जपानच्या सम्राट घराण्याच्या संग्रहातील वस्तू मानली जाते.

मूळ स्थितीत जतन

इ.स. १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत ‘शोकुदाइकिरी मित्सुतादा’ ही तलवार काळी पडली. मितो येथील तोकुगावा संग्रहालयात ती त्याच अवस्थेत जपली आहे. तुटलेल्या तुकड्यांबाबतही हा मार्ग सर्वांत कमी जोखमीचा असतो, कारण पुढे निर्णय बदलण्याची मोकळीक राहते.

तुकड्यांना हलके तेल लावून ते साध्या लाकडी म्यानात (शिरासाया) किंवा कोरड्या पेटीत ठेवतात. नाकागोवरील गंज मात्र कधीही घासून काढत नाहीत. त्याच्या रंगावरून व पोतावरून पात्याचे वय आणि नाममुद्रेचा खरेपणा तपासला जातो. नाकागोचा कागदावर उतरवलेला ठसा (ओशिगाता) अभ्यासासाठी उपयोगी पडतो. मूठ, त्सुबा व म्यान यांना स्वतंत्र मूल्य असते. ते एकत्र राहावेत म्हणून पात्याच्या जागी लाकडी पट्टी (त्सुनागी) बसवतात.

परीक्षण व कायदा

पात्यात कोणताही बदल करण्यापूर्वी तज्ज्ञ परीक्षण महत्त्वाचे असते. इ.स. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवार जतन संस्था तलवारींचे परीक्षण करून प्रमाणपत्रे देते. इ.स. १९५८ च्या कायद्यानुसार जपानमध्ये कलात्मक मूल्याच्या तलवारींची नोंदणी प्रांतीय शिक्षण मंडळाकडे करावी लागते. दुसऱ्या महायुद्धातील यंत्रनिर्मित लष्करी तलवारींना ही नोंदणी मिळत नाही. त्यामुळे परदेशातील संग्राहकाने दुरुस्तीसाठी पाते जपानला पाठवण्यापूर्वी ते पारंपरिक घडणीचे आहे की यंत्रनिर्मित, हे निश्चित करून घेणे आवश्यक ठरते.