युद्धकैदी ते गोलरक्षक : बर्ट ट्राउटमन यांची मँचेस्टरमधील कारकीर्द (१९४९–१९६४)

फुटबॉलच्या इतिहासात बर्ट ट्राउटमन यांचे नाव प्रामुख्याने एका दुखापतीमुळे घेतले जाते. ५ मे १९५६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा हा जर्मन गोलरक्षक मान मोडलेली असतानाही अखेरची सुमारे सतरा मिनिटे खेळत राहिला. प्रसंग रोमहर्षक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याआधीचा, १९४९ च्या ऑक्टोबरमधील प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. पराभूत शत्रुराष्ट्राच्या सैनिकाला विजेत्या राष्ट्रातील सामान्य नागरिकांनी कोणत्या आधारावर स्वीकारावे, हा प्रश्न त्या वेळी एका क्रीडासंघाच्या निमित्ताने उभा राहिला होता.

ट्राउटमन यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९२३ रोजी ब्रेमेन येथे झाला. १९३३ मध्ये ते नाझी युवा संघटनेच्या बालशाखेत दाखल झाले. पुढे हवाई छत्रीधारी सैनिक म्हणून पूर्व आघाडीवर लढताना त्यांना आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. युद्धाच्या अखेरीस ते ब्रिटिशांच्या हाती लागले आणि लँकेशायरमधील ॲश्टन-इन-मेकरफील्ड येथील छावणीत त्यांची रवानगी झाली. प्रारंभी त्यांची नोंद कट्टर नाझी अशीच झाली होती. गोलरक्षणाकडे ते वळले तेही योगायोगाने. छावणीतील एका सामन्यात दुखापत झाल्याने त्यांनी गोलरक्षकाशी जागेची अदलाबदल केली, आणि ती कायमची ठरली. १९४८ मध्ये मायदेशी परतण्याची संधी नाकारून त्यांनी शेतमजुरी केली, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याचे काम केले आणि सेंट हेलेन्स टाउन या लहानशा संघाकडून ते खेळू लागले.

ऑक्टोबर १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्यांना करारबद्ध केले, तेव्हा शहरात संतापाची लाट उसळली. निषेध मोर्चात सुमारे २०,००० लोक सहभागी झाल्याचे सांगितले जाते. मँचेस्टरमध्ये ज्यू समाज मोठा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. संघाचे कर्णधार एरिक वेस्टवुड स्वतः नॉर्मंडीच्या लढाईत सहभागी झाले होते. त्यांनी मात्र नव्या सहकाऱ्याचे जाहीर स्वागत केले. त्याहून मोलाचे ठरले ते शहरातील ज्यूंचे धर्मगुरू रब्बी अलेक्झांडर आल्टमन यांचे वृत्तपत्रातील पत्र. एका राष्ट्राच्या अपराधाची शिक्षा एका व्यक्तीला देऊ नये, प्रत्येकाची पारख त्याच्या स्वतःच्या वर्तनावरून व्हावी, असा त्या पत्राचा आशय होता. आल्टमन १९३८ मध्ये बर्लिन सोडून आले होते आणि त्यांचे वडील १९४४ मध्ये आउश्वित्झ येथे मारले गेले होते. त्यामुळे या आवाहनाला कोरड्या उपदेशाचे स्वरूप आले नाही. अर्थात, एका पत्राने शहराचे मन पालटले असे मानणे भाबडेपणाचे होईल. बाहेरगावच्या मैदानांवर हेटाळणी चालूच राहिली. जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध सिटीचा पराभव झाला, तरी ट्राउटमन यांचा खेळ पाहून प्रेक्षक उभे राहिले. मतपरिवर्तनात अशा सामन्यांचा वाटाही तितकाच मोठा होता.

येथे एक अवघड मुद्दा उपस्थित होतो. १९४१ मध्ये युक्रेनमधील एका जंगलात नागरिकांचे सामूहिक हत्याकांड ट्राउटमन यांनी लपून पाहिले होते. कॅट्रिन क्ले यांच्या २०१० मधील चरित्रग्रंथात त्याचे वर्णन येते. १९४९ च्या सार्वजनिक चर्चेत मात्र त्याचा मागमूस नव्हता. व्यक्तीची पारख स्वतंत्रपणे व्हावी हे तत्त्व मान्य केले, तरी त्या व्यक्तीविषयीची माहितीच अपुरी होती. म्हणून मँचेस्टरच्या त्या निर्णयाला ‘क्षमा’ म्हणण्यापेक्षा ‘स्वीकार’ म्हणणे अधिक यथार्थ होय. क्षमेसाठी अपराधाची जाणीव लागते. स्वीकार अपुऱ्या माहितीवरही होऊ शकतो.

खेळाच्या दृष्टीनेही त्यांचे योगदान दुर्लक्षणीय नाही. चेंडू लांबवर लाथाडण्याऐवजी तो अचूक फेकून आक्रमणाची सुरुवात करण्याची त्यांची पद्धत, बालपणी खेळलेल्या हँडबॉलमधून आलेली, डॉन रेव्ही यांच्याभोवती रचलेल्या सिटीच्या व्यूहाला उपयुक्त ठरली. १९५५ मध्ये अंतिम सामन्यात हार पत्करल्यावर १९५६ मध्ये सिटीने बर्मिंगहॅमला ३–१ असे नमविले. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूचा सन्मान मिळविणारे ते पहिले गोलरक्षक ठरले. मणका मोडल्याचे निदान मात्र सामन्यानंतर काही दिवसांनी, क्ष-किरण तपासणीतच झाले. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचा पाच वर्षांचा मुलगा मोटार अपघातात दगावला.

जर्मनीकडून ते एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळले नाहीत. परदेशातील संघांकडून खेळणाऱ्यांना निवडायचे नाही, असे प्रशिक्षक झेप हेरबेर्गर यांचे धोरण होते. त्यामुळे १९५४ च्या विश्वविजेत्या संघात त्यांना स्थान नव्हते. मँचेस्टर सिटीकडून ५४५ सामने खेळून १९६४ मध्ये त्यांनी निरोप घेतला. पुढे जर्मन फुटबॉल महासंघाच्या वतीने त्यांनी ब्रह्मदेश, टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान आदी देशांत प्रशिक्षणाचे काम केले. २००४ मध्ये ब्रिटनने त्यांना ओ. बी. ई. हा किताब दिला. १९ जुलै २०१३ रोजी त्यांचे निधन झाले, तेही जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये नव्हे, तर स्पेनमध्ये.